चुलीतला पाहुणा

"डोळे मीट. हं, आता सांग, कोण आलंय?"

वडिलांचा, तातांचा, तो आवाज सेनेइदाच्या कानात इतक्या वर्षांनीही तसाच होता. लाकडाच्या भुश्शानं घोगरा झालेला, तळाशी हसू दडवून ठेवलेला. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परतलं की ताता तिला कातकामाच्या पडवीत ओंडक्यावर बसवत आणि तिच्या मिटल्या डोळ्यांसमोर, नाकाशी, लाकडाचा एखादा ढलपा धरत. लाकडं म्हणजे पाहुणे. पाहुण्याला नावानं हाक मारली नाही तर तो रुसून निघून जातो, असं त्यांचं म्हणणं. तिला ओळखता आलं नाही, की ते जत्रेतल्या कवनवाल्यांसारखी "बोम्बा!" अशी आरोळी ठोकत. अंगणातल्या कोंबड्या उधळत, आणि मग चार ओळी यायच्या:

कापला तेव्हा मातकट होता,
उन्हात बसला, राजा झाला,
जांभळा झगा पांघरून आला,
सांग गं पोरी, कोण आला?

"नासारेनो!" सेनेइदा किंचाळायची.

कोकोबोलोच्या लाकडाला कवनाची गरजच पडत नसे. त्याचा मिरमिरणारा गोडसर वास आला की तिला आधी शिंक यायची आणि मग नाव. ताता म्हणायचे, "हा पाहुणा दाराबाहेरूनच खाकरतो."

त्याच पडवीत आज सेनेइदा जमिनीवर गुडघे टेकून मणी वेचत होती.

आईला जाऊन वर्ष झालं होतं. संध्याकाळी वर्षाचा जप होता. शेजारपाजार जमणार, ताता आईची माळ हातात घेऊन बसणार, आणि घराण्याचा जुना जपकरी फेयो पुढे म्हणणार. सकाळी सेनेइदानं खिळ्यावरची माळ धूळ पुसायला म्हणून काढली, आणि कुजलेला दोरा हातातच सुटला. मणी टपटप करत पडवीभर पळाले. काही लेथखाली, काही भुश्शात, काही थेट अंगणात.

साधी माळ असती तर नवा दोरा घेऊन ओवली असती. पण ही तातांची माळ होती. त्यांच्या हातच्या माळेत दहा-दहा मण्यांचे पाच गट असत आणि प्रत्येक गटाला वेगळं लाकूड. आधी कोकोबोलो, मग रोनरोन, मग नासारेनो, मग क्रिस्तोबाल आणि शेवटी गुआयाकान. म्हातारपणी नजर गेली, लक्ष भरकटलं, तरी आपण जपात कुठवर आलोय ते बोटांनी सांगावं, म्हणून. आसपासच्या गावांतल्या कितीतरी म्हाताऱ्या या माळांवर जपून गेल्या. आईला तर शेवटी शेवटी सेनेइदाचं नावही आठवत नसे, पण गुआयाकानचा पहिला जड मणी बोटाला लागला की ती मान वर करून म्हणे, "आता कॉफी ठेवा, आलंच संपत."

आणि आता सगळे मणी ओंजळीत घेऊन पाहिले तर एकच रंग. लाल नाही, जांभळा नाही, हिरवट नाही. आईच्या बोटांनी साऱ्यांना एकसारखं काळंभोर, तुळतुळीत करून टाकलं होतं.

"ताता, तुम्ही सांगा ना कुठला कुठला ते."

ताता कातड्याच्या खुर्चीत बसून होते. हात मांडीवर थरथरत होते. "मी काय सांगू? मागच्या तापानं माझं नाक नेलं. तुझी कॉफीसुद्धा मला नुसतं गरम पाणी लागते."

"मग बोटांनी?"

"बोटं तर त्याच्याही आधी गेली." त्यांनी तोंड फिरवलं. "तू बघ."

तू बघ.  याच पडवीत सेनेइदानं शेवटचं लाकूड हातात घेतलं होतं ते अकरा वर्षांची असताना. तातांना फसवायचं म्हणून. आई चुलीत घालायला पेरूचं सरपण फोडत होती, त्यातला एक तुकडा तिनं पळवला, ताता दुपारचे आडवे झाले असताना लेथवर चढवला आणि त्याचा मणी कातला. भोक जरा एका बाजूला गेलं. मग तेल आणि काजळी चोळचोळून त्याला गुआयाकानचा काळपट हिरवा रंग आणला आणि तातांच्या गुआयाकानच्या ताटलीत सोडून दिला. ताता उठले, ताटली समोर ओढली, मणी एकेक करून उचलत गेले. तिच्या मण्यापाशी थांबले. फिरवून पाहिला, पुन्हा पाहिला, नाकाशी नेला. "हा चुलीतला पाहुणा," म्हणाले. "चुलीकडे ने."

बस, एवढंच. ओरडले नाहीत, हसलेही नाहीत. तिनं तो मणी आईच्या हातात दिला आणि त्या दिवसापासून घर सोडेपर्यंत पडवीत पाऊल टाकलं नाही. मोठी झाली, शहरात सान होसेला गेली, बटणांच्या दुकानात नोकरीला लागली, तिथेच केस पांढरे झाले. आता आईमागे ताता एकटे पडले म्हणून परत आली होती. लेथवर फडकं टाकलेलं होतं. ते काढावं असं तिला रोज वाटे, आणि रोज ती ते नुसतं झटकून पुन्हा टाके.

"काय गं, अजून जमिनीवरच?" फेयो फाटकातून आत आला, काखोटीला रोस्कियांची पुरचुंडी. मक्याची ती खरपूस कडी तोंडात टाकत त्यानं मणी पाहिले आणि तातांकडे बघून शीळ घातली. "कल्याण झालं! डॉन उल्पियानो, काळजी करू नका, मला सगळा जप तोंडपाठ आहे. माळ नसली तरी अडत नाही."

"तुला तोंडपाठ आहे रे," ताता म्हणाले. "पण मी कुठे पोचलो ते मला कोण सांगणार? तू?"

"मग असं करू. काचपेपर आण सेनेइदा. दोन-दोन हात मारले की सगळ्यांचे खरे चेहरे बाहेर येतील."

"काचपेपर लावलास तर तुझाच चेहरा घासून काढीन."

"अगं, पण वरचं काळं..."

"ते वरचं काळं म्हणजे आई आहे," सेनेइदा म्हणाली.

फेयोनं खाणं थांबवलं. तातांनी मान वळवून मुलीकडे पाहिलं.

ती उठली. शिवणाच्या डब्यातून दाभण आणलं, फडताळातून पांढरी थाळी. एक मणी चिमटीत धरून तिनं दाभणाचं टोक त्याच्या भोकात घातलं आणि आतल्या आत हलकेच खरवडलं. बाहेरून आईची बोटं पोचली होती, आतून फक्त दोरा. चिमूटभर भुकटी थाळीत पडली. नारिंगी, तिखट. सेनेइदाला शिंक आली.

"आला!" फेयो ओरडला. "दाराबाहेरून खाकरला!"

ताता हसले. वर्षभरात पहिल्यांदाच.

मग पाहुणे येतच राहिले. गुआयाकान मुठीत धरून ऊब दिली की त्याला गोड सुगंध यायचा, देवघरातल्या कोनाड्यासारखा. क्रिस्तोबाल थाळीवर टाकला की तो वाजायचा. मारिम्बा वाद्याच्या लाकडी पट्ट्या त्याच्याच करतात, तो मुका राहायचा नाहीच. दुकानात हजारो बटणं डोळे मिटून निवडली होती, ते सगळं बोटांना आज कळलं. काही मण्यांची भुकटी मातकट निघाली. त्यातल्या चिमट्या तिनं त्या-त्या मण्याजवळ ठेवून थाळी खिडकीतल्या उन्हात सरकवली.

"ही काय वाळवणं घातलीस?" फेयोनं विचारलं.

"राजा झगा घालतोय. थांब जरा."

दुपार कलली तेव्हा भुकटीवर जांभळी झाक चढली होती. जी मातकटच राहिली, तिला वासही नव्हता, तो रोनरोन. अबोल पाहुणा. सेनेइदाला वाटलं, हा मला नेहमीच सगळ्यांत शेवटी का कळतो?

पाच ढीग झाले. पण गुआयाकानच्या ढिगात एक मणी कमी.

"कोंबडीनं गिळला," फेयोनं निकाल दिला. "ती पांढरी, मघापासून माझ्याकडे अपराध्यासारखी बघतेय. नाहीतरी रात्री लोक जेवायला आहेतच."

"तिला हात लावू नकोस. हा एक उरलाय बघ." सेनेइदानं शेवटचा मणी उचलला. तळहाताच्या उबेत धरला, सुगंध नाही. थाळीवर टाकला, नाद नाही. दाभणानं खरवडला, तर फिकट, राखेसारखी भुकटी.

"हा आपल्यातला नाहीच," फेयो म्हणाला. "दुसऱ्या कुठल्या तरी माळेतला घरंगळत आला असेल. टाकून दे. डॉन उल्पियानो, एखादा गुआयाकानचा मणी शिल्लक आहे का पडलेला?"

"आहे," ताता म्हणाले. "खिडकीतल्या डबीत. पण तो घालायचा नाही."

"का?"

ताता सेनेइदाच्या हातातल्या मण्याकडे पाहत होते.

सेनेइदाचा अंगठा मण्यावरून फिरत होता. इतर मण्यांपेक्षा हा जास्त झिजला होता. गुळगुळीत, मऊ. आईचा अंगठा इथे थांबत असणार, पुन्हा पुन्हा. तिनं मणी उजेडात धरला आणि भोकातून पलीकडे पाहिलं. भोक मधोमध नव्हतं. जरा एका बाजूला गेलेलं होतं.

तिनं तो नाकाशी नेला. दाभणानं उकरलेल्या त्या इवल्याशा जागेतून, इतक्या वर्षांच्या बोटांखालून, अगदी पुसट, ओल्या सरपणाचा वास आला. आईनं कुऱ्हाड मारली की यायचा तोच.

"पेरू," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही.

"काय?" फेयोनं विचारलं.

"फेयो," ताता म्हणाले, "चर्चमधून मेणबत्त्या आणायच्या राहिल्यात. जा."

"मेणबत्त्या मी कालच..."

"मग अजून आण."

फेयोनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि रोस्किया घेऊन मुकाट्यानं निघून गेला.

पडवीत लेथवरच्या फडक्यावर ऊन तिरपं पडलं होतं. सेनेइदा ओंडक्यावर बसली. तोच ओंडका.

"हा चुलीत गेला होता ना, ताता?"

"तुझ्या आईनं जाऊ दिला नाही. माझ्यासमोर आणून ठेवला. म्हणाली, माझ्या माळेत घाला. मी म्हटलं, अगं, पेरूचं लाकूड, गुआयाकानच्या रांगेत? तर म्हणाली, मग मला माळच नको." ताता गुडघा चोळत होते. "मी माझा एक मणी काढला, तुझा घातला. तोच डबीतला. रोज जप करताना तिथे आली की ती थांबायची. तू सान होसेला गेलीस तेव्हापासून तर जास्तच. मी विचारायचो, काय गं, झोप लागली का? तर म्हणायची, पाहुणा आलाय, बसू दे जरा."

सेनेइदानं दोरा घेतला. सुईत ओवायचा तर डोळ्यांत पाणी, टोक दिसेना. "तुम्ही कधी सांगितलं का नाहीत?"

अंगणात पांढरी कोंबडी भुश्शात काहीतरी उकरत होती.

"ये इकडे," ताता म्हणाले. "माझ्या हातात दे तो."

तिनं मणी त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी डोळे मिटले, सवयीनं तो नाकाशी नेला. काहीच आलं नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी तो गालावरून फिरवला, हळू, दाढी नीट झाली का ते पाहावं तसा.

"त्या दिवशी मी तो फिरवून पाहिला," ताता म्हणाले, "आणि पुन्हा पाहिला. आठवतं? रंग बरोबर होता. घडण माझ्यासारखीच होती. अकरा वर्षांच्या पोरीची! मला राग आला नव्हता, सेने. मला भीती वाटली, की हिला आत्ताच शाबासकी दिली तर हिचा हात इथेच थांबेल. म्हणून गप्प बसलो. आणि तू पुन्हा पडवीत आलीच नाहीस." त्यांनी मणी तिच्या मुठीत परत ठेवला आणि मूठ मिटली. "डोळ्यांनी मी फसलो होतो, पोरी. नुसत्या नाकानं वाचलो. आता तेही नाही. फडकं काढ लेथवरचं. आता तू काहीही ठेव माझ्या ताटलीत, मी ओळखणार नाही."