चोरटी हवा

टोक पांढरं... खडूसारखं कोरडं पांढरं, आणि खरं तर ते चहाच्या डागासारखं तपकिरी असायला हवं. दोब्रीनं दुसरा प्लग काढला, तोही पांढरा. तिसरा, चौथा — चारही एकजात. म्हणजे दोष एका सिलिंडरचा नाही, अख्ख्या इंजिनालाच पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळतेय, आतल्या आत नुसतं तापतंय, आणि असल्या इंजिनावर झ्लातिना आज घाट ओलांडून बुर्गासला जाणार, बहिणीकडे, कायमची. कायमची हा शब्द तिचा नाही, ती 'सध्या तरी' म्हणाली होती. पण सध्या तरी जाणारी बायको शिवणयंत्र आणि स्वतःच्या आईचा फोटो बरोबर नेते का?

रविवारी सांगितलं तिनं. भाजलेल्या ढोबळ्या मिरच्यांची सालं काढता काढता, मान वर न करता — "दोब्री, मी जाते आता. घर तुला राहू दे, गाडी मला दे." आता यावर माणसानं काहीतरी म्हणावं की नाही? का म्हणून विचारावं, ओरडावं, निदान हातातली सुरी तरी खाली ठेवावी! तो म्हणाला, "गाडी उभी असली की धडधडते. बघावी लागेल." तिनं एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि पुढची मिरची उचलली. यंदा तळघरात मिरच्यांच्या बरण्या निम्म्याच भरल्यात, एका माणसाच्या हिवाळ्यापुरत्या. त्या बरण्यांसमोर काल तो बराच वेळ उभा होता.

त्यानं प्लग परत बसवले, गाडी चालू केली. इंजिन चढायचं, उतरायचं, परत चढायचं — जिना चढून आलेल्या म्हाताऱ्यासारखं.

"काय रे, अजून हिचं पोट उघडंच का?" कुंपणावरून शेजारच्या मिंचोकाकांचं डोकं आलं, हातात मिरच्या उलटायचा चिमटा. "माझं ऐक, दे एखादी नळी सैल करून. आजचा मुक्काम तरी घरात पडेल तिचा."

"काका, मिरच्या करपताहेत तुमच्या."

"करपू देत! बायको निघून चाललीय आणि नवरा तिला गाडी दुरुस्त करून देतोय! असला येडा आपल्या गल्लीत पहिलाच हो." मग आवाज उतरवून, "जेवायला ये रे रात्री. एकटा बसू नकोस."

दोब्रीनं मान हलवली. काका चेष्टा करतात ते बरं असतं, प्रेमानं बोलले की मात्र त्यांच्याकडे बघवत नाही.

पेट्रोल पुरेसं येत होतं, ते त्यानं सकाळीच पाहिलं होतं. उरली हवा. कुठूनतरी चोरटी हवा आत शिरतेय, फट शोधायची. फवाऱ्याचा डबा घेऊन तो एकेका जोडावर थोडं थोडं मारत गेला आणि ऐकत राहिला, कारण जिथं फट असेल तिथं फवारा आत ओढला जातो, पेट्रोलसारखा जळतो आणि इंजिन क्षणभर सुधारतं... इथं नाही. इथंही नाही. संसाराचंही असंच, कुठून काय आत शिरलं ते — छे! संसार म्हणजे काय इंजिन आहे? इंजिनाला दुकानात नवी नळी मिळते. गप काम कर, दोब्री.

मागे, ब्रेककडे जाणारी जाड नळी. खालच्या अंगाला फवारा बसला आणि इंजिन एकदम शांत झालं, मग पुन्हा धापा टाकायला लागलं. त्यानं गाडी बंद करून बोट खाली घातलं. चीर. नखाएवढी, वरून न दिसणारी.

"कॉफी." झ्लातिना द्राक्षाच्या मांडवाखाली उभी होती. कप तिनं भिंतीवर ठेवला, पण गेली नाही. "होतंय का? होत नसेल तर उद्या निघेन मी. एका रात्रीनं काही बिघडत नाही."

उद्या! बोट अजून चिरेवर होतं. म्हण ना, दोब्री, म्हण की होत नाही. तिला कुठं दिसतंय? एक जेवण, एक रात्र, भिंतीपलीकडे तिचं खोकणं, सकाळी तिच्या सपातांचा आवाज... मी भीक मागायला तयार आहे गं, एका रात्रीसाठी मी काहीही मागायला तयार आहे, पण मला मागता येत नाही. आणि तेवढ्यात त्याला घाट दिसला, ही चीर तशीच घेऊन ती निघालीच तर उतारावर दगडासारखा ताठ होणारा ब्रेक आणि त्यावर तिचा पाय.

"सापडलं," तो म्हणाला. "अर्ध्या तासात होईल."

ती आणखी थोडा वेळ थांबली. "बरं," म्हणाली आणि आत गेली. ती का थांबली होती? त्यानं 'होत नाही' म्हणावं म्हणून? की उगीच? शेडमधून नवी नळी आणून बसवताना, पट्टी आवळताना तो हाच विचार करत राहिला. आणि लक्षात आलं की तिनं विचारलं एक आणि आपण पुन्हा गाडीबद्दलच बोललो.

आता इंजिन एका सुरात चालत होतं. इतकं सुरेख काम त्याच्या हातून कित्येक दिवसांत झालं नव्हतं, आणि ते ऐकवत नव्हतं.

ती गाडीत बसली, फाटकाबाहेर काढली आणि तिथं थांबली. काच खाली केली.

"पाणी?"

जाणाऱ्याच्या मागं घरातल्या माणसानं पाणी ओतायचं, म्हणजे वाट पाण्यासारखी सरळ जाते. इतकी वर्षं त्याची आई ओतायची, ती होती तोवर. आता घरातलं माणूस म्हणजे तो. त्यानं नळाखाली तांब्याचं भांडं भरलं, दोन्ही हातांत धरून फाटकाशी आला. लग्नाच्या दिवशी झ्लातिनानं घराच्या उंबऱ्यावरचं रिवाजाचं पाण्याचं भांडं उजव्या पायानं असं लाथाडलं होतं की आईचे नवे बूट भिजले आणि सगळे हसले... आई म्हणायची, मनातून ओतायचं रे, वरवर ओतलेलं लागत नाही.

त्यानं मनात पाहिलं. तिथं राग असेल असं त्याला वाटलं होतं — घाटात अडू दे, परत येऊ दे, असं काहीतरी. ते नव्हतं. तिनं कुठंही अडू नये, अंधार पडायच्या आत सुखरूप पोचावं, एवढंच होतं, अगदी मनापासून. ते कळलं आणि त्याला रडू फुटलं, रस्त्यात, काकांच्या देखत, आणि भरलेलं भांडं हातात असल्यामुळे डोळेही पुसता येईनात.