दिसेल असा दाखव

माझ्या मुलाने गल्लीतल्या तिन्ही दुकानदारांना बजावून ठेवलं होतं, की माझी आई आली तर तिला व्हेप विकायचा नाही. एकसष्ट वर्षांची बाई मी. बत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, अर्धी गल्ली माझ्या हाताखालून गेली, आणि बंदी माझ्यावर! जशी काही मी पाचवीतली पोरगी आहे आणि पेपरमिंट मागायला निघालेय.

खरं सांगते, मला व्हेपचं काडीचं कौतुक नाही. मला सिगारेट सोडायचीय. दिवसाला चाळीस ओढते. न्हाणीघराची खिडकी उघडून, टॉवेल दाराखाली कोंबून, सदतीस वर्षं. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "उम्म रकान, आणखी एक हिवाळा असा काढलात तर पुढच्या हिवाळ्यात उशाशी ऑक्सिजनचं नळकांडं असेल." तीनदा सोडून पाहिली. निकोटिनच्या पट्ट्या लावल्या तर अंगभर खाज, गोळ्या चघळल्या तर कवळी निखळली. आठवडा काही उलटला नाही. डॉक्टर म्हणाले, व्हेप काही औषध नव्हे, पण तेवढ्याने सिगारेट सुटत असेल तर आधी ती सोडा, मग हाही सोडू.

हे मी मुलाला, रकानला, सांगितलं तर तो म्हणतो, "यम्मा, पट्टी लाव आणि घरात बस. तू तोंडात नळी धरून बसलीस तर जबल अल-हुसैन मोहल्लाभर शोभा होईल." आणि हे बोलताना त्याच्या बोटात सिगारेट! स्वतः नाकातून धूर सोडायचा आणि त्याच नाकाने कांदे सोलायचे.

म्हणून मंगळवारी दुपारची नमाज आटोपली तशी मी डोक्याला रुमाल बांधला आणि भर उन्हात हैसमच्या व्हेपच्या दुकानात शिरले. हैसम माझा विद्यार्थी. दोनदा नापास केलेला.

"मिस वजीहा! या, या, बसा!" तो ताडकन उठला. आणि तिथेच चुकला बिचारा. आईबापांनी चांगलं वळण लावलेलं, त्यामुळे काय हवंय ते विचारायच्या आधी थर्मास उचलून त्याने कडू कॉफी ओतली आणि कप माझ्या हातात दिला.

मी कप घेतला. तोंडाला न लावता काउंटरच्या काचेवर ठेवला आणि हाताची घडी घालून बसले.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "मिस, असं नका करू."

"का? माझं मागणं आहे."

आमच्यात मुलगी मागायला येतात तेव्हा कप असाच ठेवतात, आणि खुनाचा समेट करायला येतात तेव्हाही. यजमान "दिलं, आता प्या" म्हणेपर्यंत पाहुणा थेंब घेत नाही. नाही म्हणणाऱ्याला मग चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरत नाही. कोपऱ्यात एक टॅक्सीवाला बाटल्या न्याहाळत होता, तो हातातली बाटली ठेवून मजा बघत उभा राहिला.

"मिस, हा व्हेप आहे हो, नवरी नाही!"

"मग द्यायला इतका का रडतोस?"

"रकान माझं टाळकं फोडेल."

"रकान नंतर फोडेल. मी आत्ता फोडेन."

टॅक्सीवाला म्हणाला, "देऊन टाक बाबा. म्हातारीचा कप परत गेला तर दुकानाला बरकत राहायची नाही."

"म्हातारी कोणाला म्हणतोस रे?" मी त्याच्यावर डाफरले. पण हैसमने हात जोडले होते. "दिलं, मिस. प्या आता."

मी कॉफी प्यायले. मग म्हटलं, "दाखव."

त्याने पहिल्यांदा काय काढावं? गुलाबी! लिपस्टिकएवढा, स्ट्रॉबेरीच्या वासाचा. "बायका हाच नेतात, मिस. पर्समध्ये लपतो, धूर दिसत नाही, कुणाला कळत नाही."

"लपायचंच असतं तर माझं न्हाणीघर काय वाईट होतं? ठेव तो."

मग त्याने एक डबा काढला, विटेएवढा जड. एक झुरका मारला आणि दुकानात टॅक्सीवाला दिसेनासा झाला. "अरे, मी सिगारेट सोडायला आलेय, हमाम चालवायला नाही," मी म्हटलं. "हे बघ, मी सांगते ते ऐक. चाळीस सिगारेटी. सकाळची पहिली डोळे उघडायच्या आधी. घशाला लागलं पाहिजे, नाहीतर दुपारी मी परत काडी ओढणार. बोटं सुजलेली आहेत, म्हणून बटण नको. आणि वापरून फेकायचा नको, तो शुक्रवारी सकाळी संपेल, तुझं दुकान बंद, आणि सिगारेट विकणारा किराणावाला मात्र उघडा. आता बोल."

हैसमने डबा खाली ठेवला. "मिस, गिऱ्हाइकं रंग विचारतात. हे कुणी विचारत नाही."

"म्हणून त्यांची सुटत नाही."

मग त्याने शहाण्यासारखं केलं. एक लांबट पेन काढलं. बटण नाही, ओढलं की आपोआप चालू. टाकी भरता येते, चार्जर माझ्या फोनचाच लागतो. द्रव मात्र त्याने हलका दिला, बाईमाणूस म्हणून. मी बाटली उलटून निकोटिनचा आकडा वाचला आणि त्याच्यापुढे परत सरकवली. "हा दहाबारा ओढणाऱ्याला. मला कडक दे. दर दोन महिन्यांनी मी स्वतः उतरवीन." तंबाखूच्या चवीचा म्हणाला, तोही नको म्हटलं. काडीमोड घेतलेल्या नवऱ्याचा फोटो कोण भिंतीवर ठेवतं? पुदिना घेतला.

"रंग? करडा आहे, उठून दिसत नाही."

"लाल दे. समोरच्या न्हाव्याला दिसला पाहिजे."

समोरच्या न्हाव्याला मी आधीच दिसले होते, आणि त्यानेच फोन केला असणार. मी लाल पेन हातात घेते न घेते तोच रकान दारात. धापा टाकत, बोटात पेटलेली सिगारेट.

"यम्मा, घरी चल."

"पैसे देऊन येते."

"लोक बघतायत!"

"बघू दे. तिकीट नाही लावलं."

"हैसम, तुला सांगितलं होतं ना मी?"

"कप ठेवला यार त्यांनी," हैसम रडवेला होऊन म्हणाला.

रकान माझ्यासमोर येऊन बसला. आवाज खाली आणला, आणि नको तेच बोलला. "बाबा ओढायचे. पण मी त्यांच्यासमोर कधी सिगारेट काढली नाही. त्यांना पुरलं त्या दिवसापर्यंत नाही. एवढा मान ठेवला मी त्या माणसाचा. आणि तू त्याची बायको, चौकात बसून धूर सोडणार? बाबा असते तर मान खाली गेली असती त्यांची."

अबू रकानचं, माझ्या नवऱ्याचं, नाव काढलं आणि माझा तोल सुटला.

"तुझ्या बापाने जन्मात एक झुरका घेतला नाही!"

"काय?"

"माझ्या होत्या. सगळ्या माझ्या. जिन्यात पाऊल वाजलं की माझ्या हातातली ते आपल्या हातात घ्यायचे. त्यांच्या खिशातलं पाकीट माझं. पडद्यांना वास माझा. तुझा काका त्यांना भर बैठकीत बोलायचा, 'अबू रकान, घरात लेकरं आहेत, कमी कर', आणि ते मान डोलवायचे. मला बोल लागू नये म्हणून."

रकान हातातल्या सिगारेटकडे बघत होता.

"पहिली मी त्यांच्याच खिशातून काढली होती," तो म्हणाला. "पंधरा वर्षांचा होतो. त्यांच्यासारखं दिसायचं होतं मला."

"माहीत आहे."

"तुला माहीत होतं?"

"कळलं त्या दिवशी ते रडले. म्हणाले, पोराला खरं सांगूया. आणि मी नाही म्हटलं. लोक काय म्हणतील, शाळेत काय तोंड दाखवू. माझी अब्रू झाकली आणि तुझी छाती जाळली मी. याची मला लाज वाटते, रकान. या नळीची नाही."

मी पेन तोंडाला लावून ओढलं. घशाला लागलं, बरोबर जिथे लागायला हवं होतं तिथे. धूर दाराबाहेर सोडला. न्हावी वस्तरा हातात घेऊन फुटपाथवर आला होता, अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट.

रकान काहीतरी बोलायला गेला आणि त्याला खोकला आला. माझाच खोकला, छातीच्या तळातून खरवडत येणारा. तो थांबेपर्यंत मी एका हाताने त्याची पाठ चोळत उभी राहिले, दुसऱ्या हातात लाल पेन, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत.