जहागीरदारांची अंघोळ

काकींच्या लाँड्रीत मळका कपडा आला की त्याची शंभरी भरली असं खुशाल समजावं. डाग चहाचा असो, शाईचा असो, काकी त्याच्याकडे अशा बघायच्या की डागालाच लाज वाटावी. अख्खी गल्ली त्यांना काकी म्हणायची, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. मागच्या खोलीत कोळशाचा बॉयलर होता आणि बॉयलरपाशी काका. काका बोलायचे कमी आणि ऐकायचे त्याहून कमी, पण वाफ कधी कमी पडू द्यायचे नाहीत. वरच्या मजल्यावर काकांची बहीण राहायची. काकी तिला वन्सं म्हणायच्या, ती काकींना वहिनी म्हणायची, आणि दोघींमधला सगळा गोडवा या दोन शब्दांतच संपायचा.

दुकानाच्या कोपऱ्यावर, जिथे बॉयलरची वाफ नळीतून बाहेर पडते तिथे, एक म्हातारा गृहस्थ बसत असे. घरदार काही नाही, पण बसायचा असा की जणू अख्खा रस्ता त्याच्या बापाला कुणीतरी तोडून दिलाय. म्हणून गल्लीने त्याचं नाव जहागीरदार ठेवलं. त्याच्याबरोबर एक म्हातारी कुत्री असायची. तिला कुत्री म्हणायची मात्र सोय नव्हती. जहागीरदार तिला बाईसाहेब म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. “बाईसाहेब, जरा सरकता का?” असं विचारल्याशिवाय पाय पसरायचे नाहीत. बाईसाहेबांना दिसत जवळजवळ नव्हतं आणि ऐकू तर मुळीच येत नव्हतं. नाक तेवढं उरलं होतं, तेही पूर्वीसारखं नाही. त्या नाकाच्या भरवशावर त्यांचा संसार चालला होता.

त्या वर्षी थंडीने कहर केला. एके दिवशी सकाळी काकी दुकान उघडायला आल्या, तर नळाचं पाणी गोठलेलं आणि जहागीरदारांच्या मिशीवर दंव. ओठ निळे पडले होते.

“उठा,” काकी म्हणाल्या. “आत चला.”

“आमचं बरं आहे इथे.”

“मी विचारलं नाही, सांगितलं. थंडी जाईपर्यंत आमच्याकडे राहायचं. बॉयलरच्या शेजारची खोली रिकामी करते.”

जहागीरदारांनी थोडा वेळ विचार केला. “बाईसाहेब येणार असतील तर येतो.”

“येऊ देत की! त्यांना काय वेगळं आमंत्रण पाठवू?”

जिन्यावरून वन्संचं डोकं डोकावलं. “वहिनी, धर्मशाळा काढलीत की काय? आणि वर कुत्रंही? ‘भीक नको पण कुत्रा आवर’ म्हणायची पाळी येईल हो एक दिवस.”

“वन्सं, दारात माणूस गारठून गेला तर लोकांना तोंड तुम्ही दाखवाल का?”

वन्संचं डोकं वर गेलं. काकींना कामाला हुरूप आला. त्यांनी बाह्या सरसावल्या, काकांकडून खाट आणवली, गादी टाकली आणि बाईसाहेबांना प्रेसच्या खोलीत उबेला बसवलं. इथपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. पुढे गोष्ट बिघडली, आणि ती काकींशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून बिघडली नसती.

“आता कपडे काढा,” काकी म्हणाल्या. “सगळे. पाणी तापलंय.”

“अंघोळ करतो,” जहागीरदार म्हणाले. “कोट तेवढा राहू द्या.”

“त्याला कोट म्हणता होय? मला वाटलं रस्ताच अंगावर घेतलाय!”

“राहू द्या हो काकी.”

पण काकींच्या कानावर ते पडलंच नाही. समोर इतका मळ असताना त्यांना दुसरं काही ऐकू येत नसे. कोट, मफलर, टोपी, बाईसाहेबांच्या खालचं पोतं, सगळं हौदात गेलं. सोड्याच्या पाण्यात उकळलं, साबणात घुसळलं, पुन्हा पुन्हा खंगाळलं. तेवढ्यावर थांबतील त्या काकी कसल्या? बाहेरच्या कोपऱ्यावर त्यांनी बादलीभर कढत पाणी आणि फिनेल ओतून खराट्याने फरशी घासून काढली. समोरच्या न्हाव्याला बोलावून जहागीरदारांची दाढी उतरवली, केस उतरवले. ज्यांचे मालक परत फिरकलेच नाहीत असे कपडे एका कपाटात डांबरगोळ्या घालून ठेवलेले असत. त्यातला शर्ट, स्वेटर आणि पँट बाहेर आली.

“बघा!” काकी काकांना म्हणाल्या. “नवरदेव दिसतोय की नाही?”

काकांनी मान हलवली. नवरदेवाला काही सुचत नव्हतं. तो गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवत प्रेसच्या खोलीत गेला आणि बाईसाहेबांसमोर उकिडवा बसला.

बाईसाहेबांनी नाक पुढे केलं. मग मागे घेतलं. पुन्हा पुढे केलं, आणि घशातून गुरगुर काढली. साबण, फिनेल, डांबरगोळ्या आणि न्हाव्याचं सुवासिक तेल अंगाला लावलेला हा कोण मेला आपल्या तोंडाशी आलाय? जहागीरदारांनी हात पुढे केला तशा त्या भिंतीला चिकटून सरकू लागल्या. नेमकं त्याच वेळी कुणीतरी गिऱ्हाईक गाठोडं घेऊन दारातून आत आलं. बाहेरचा वारा नाकाला लागताच बाईसाहेबांनी उघड्या दारातून जी धूम ठोकली, ती थेट रस्त्यावर. कोपऱ्यावर त्या एकदा थांबल्या. रोजची जागा हुंगली. तिथे फिनेल. मग त्या निघूनच गेल्या.

“बाईसाहेब!” जहागीरदार ओरडले. पण ऐकू कुणाला येतंय? ते चपला न घालता मागे धावले.

काकींनी भर दुपारी दुकान बंद केलं. असं याआधी कधी झालं नव्हतं. काका एका बाजूला, काकी दुसऱ्या बाजूला, आणि जहागीरदार तर कुठे कुठे. अखेर बाईसाहेब सापडल्या त्या मागच्या लाकडाच्या वखारीत, फळ्यांच्या थप्पीमागच्या सापटीत. अंग कुडकुडत होतं. दात मात्र सगळ्यांना दाखवत होत्या. जहागीरदारांनी हात घातला आणि त्या चावल्या. बोटातून रक्त आलं. इतक्या वर्षांत त्या त्यांना पहिल्यांदाच चावल्या होत्या.

“पोतं टाकून उचलू,” काका म्हणाले. काकांच्या मानाने हे भाषणच झालं.

“नको,” जहागीरदार म्हणाले. “भीतीनेच जीव जाईल. काळीज आता तेवढं राहिलं नाही त्यांचं.” ते तिथेच जमिनीवर बसले. “मी बसतो इथे. तुम्ही जा.”

“आणि रात्री?”

“रात्री पण. त्यांना वाटतंय, मी त्यांना सोडून गेलो आणि भलताच कुणी मागे लागलाय. असं एकटं कसं टाकू?” मग त्यांनी काकींकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर काकींना बरं वाटलं असतं. “काकी, माझा कोट द्या.”

“ओला आहे.”

“वाळला की?”

कोट वाळला तरी त्याला साबणाचाच वास येणार होता. धुतलं की धुतलं, हा त्यांच्या दुकानाचा लौकिक होता, आणि आज तो लौकिक त्यांच्यावरच उलटला. माणूस म्हणाला होता, कोट राहू द्या. एवढंच मागितलं होतं त्याने. करायला गेले एक आणि झालं भलतंच! थंडीतून वाचवायला आणलेला माणूस आज रात्री फळ्यांच्या मागे गारठून मरणार, तोही साबणाने स्वच्छ न्हालेला. काकींना रडू आलं. पण रडत बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

त्यांनी डोळे पुसले आणि डोकं चालवायला घेतलं. जन्मभर त्या वासाशीच भांडत आल्या होत्या. शत्रू होता म्हणून काय झालं, त्याची नस न् नस त्यांना ठाऊक होती. कॉलर आणि काख कितीही घासा, माणसाने शर्ट घालून जरा अंगमेहनत केली की तो वास परत हजर. आजवर या एका गोष्टीचा त्यांना मनस्वी संताप यायचा.

“उठा,” त्या म्हणाल्या.

“मी इथून हलणार नाही.”

“घाम गाळायला चला म्हणते! बॉयलरवर. तुमचा वास गेलाय ना? तो काही बाजारात मिळत नाही, तुम्हालाच काढावा लागेल.”

जहागीरदार उठले खरे, पण सापटीकडे बघत राहिले. एवढ्यात छत्री टेकत वन्सं आल्या. ‘मी सांगत नव्हते?’ हे तीन शब्द ऐकवायला त्या एवढ्या थंडीत खास खाली उतरल्या होत्या. त्यांना तोंड उघडायची संधीच मिळाली नाही.

“वन्सं, इथे बसा. भटकी कुत्री जवळ येऊ देऊ नका.”

“मी? मी कुत्र्याला हात लावणार नाही, सांगून ठेवते!”

“हात लावायला कोण सांगतंय? छत्री लावा.”

लाँड्रीत परत आल्यावर काकींनी कपाटातले कपडे उतरवायला लावले. जहागीरदारांना नुसत्या गरम पाण्याने डोक्यापासून धुवून घ्यायला सांगितलं. साबणाची वडी त्यांनी स्वतः उचलून लांब ठेवली, आणि हे करताना त्यांचा हात थोडा अडखळलाच. काकांचं जुनं बनियन साध्या पाण्यात उकळून, प्रेसखाली वाळवून जहागीरदारांच्या अंगात घातलं. मग बॉयलरचं दार उघडलं आणि हातात फावडं दिलं.

“घाला कोळसा.”

जहागीरदारांनी कोळसा घालायला सुरुवात केली. म्हातारा माणूस, पण इरेला पेटला. काका शेजारी उभे राहून, जहागीरदार दमले की फावडं घ्यायचे, आणि त्यांनी जरा दम खाल्ला की परत द्यायचे. कपाळावर घाम आला, मानेवर आला, पाठीवर आला. काकींनी जवळ जाऊन खांद्याशी नाक नेलं.

“अजून साबण आहे. घाला.”

पुन्हा फावडं. खिडकीबाहेर ऊन उतरायला लागलं होतं. जहागीरदार मधेच थांबून बाहेर बघायचे आणि दुप्पट जोराने कोळसा ओढायचे. काकी पुन्हा हुंगायला गेल्या. नाही, अजून नाही. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा थबकल्या. डोळे मिटून त्यांनी श्वास घेतला. जुनी लोकर, धूर, ओली माती आणि या सगळ्याखाली एक माणूस. रोज सकाळी कोपऱ्यावरून जाताना ज्या वासाने त्या नाकाला रुमाल लावायच्या, तोच.

“आला!” काकी ओरडल्या. “आला बाई एकदाचा!”

बनियन त्यांनी उतरवून घेतलं आणि गार पडून वास मरू नये म्हणून आपल्याच शालीखाली पोटाशी धरलं. जहागीरदारांनी अंग पुसून काकांचा जाड कोट चढवला. तिघं वखारीत पोचले तेव्हा संधिप्रकाश होता. वन्सं फळीवर ताठ बसल्या होत्या, छत्री भाल्यासारखी धरून. त्यांच्या अंगावर शाल नव्हती. ती सापटीत, बाईसाहेबांच्या पाठीवर होती.

“घसरली,” वन्सं म्हणाल्या. “वाऱ्याने.”

कुणी काही विचारलं नव्हतं.

काकींनी बनियन सापटीच्या तोंडाशी ठेवलं आणि मागे सरल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. बाईसाहेब नुसत्या थरथरत होत्या, आणि काकींच्या मनात आलं, उशीर झाला आपल्याला. मग नाक हललं. पुढे आलं. बनियनवर टेकलं आणि तिथेच राहिलं. शेपटीचं टोक फळीवर एकदा आपटलं, पुन्हा आपटलं. बाईसाहेब लंगडत बाहेर आल्या, बनियन ओलांडून पुढे गेल्या, हुंगत हुंगत जहागीरदारांच्या पायाशी पोचल्या आणि त्यांच्या मानेत तोंड खुपसायला धडपडू लागल्या. जहागीरदार खाली बसले. “मीच आहे हो,” ते म्हणत होते. “मीच आहे.” काका दुसरीकडे बघत होते. वन्संनी नाक ओढलं आणि थंडीला शिव्या दिल्या.

रात्रीचं जेवण झालं. बॉयलरशेजारच्या खोलीत बाईसाहेब बनियनवर पसरल्या होत्या आणि जहागीरदार खाटेच्या कडेवर बसले होते. काकी दारात उभ्या राहिल्या. त्यांना जे बोलायचं होतं ते त्यांच्या तोंडाला सवयीचं नव्हतं.

“तुम्ही सांगितलं होतं, कोट राहू द्या. मी ऐकलं नाही. चुकलंच माझं.”

जहागीरदारांनी बाईसाहेबांच्या पाठीवरून हात फिरवला.

“आता विचारून करीन. राहायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवा. सकाळसारखं सांगत नाही, खरंच विचारतेय. बाहेरचं दार मी उघडंच ठेवते. जावंसं वाटलं तर जा, मी अडवणार नाही.”

असं म्हणून त्या मागे वळल्या. प्रेसची खोली ओलांडली, दिवा मालवला आणि जिन्याच्या पायथ्याशी थांबल्या. पाऊल वर टाकवेना. रस्त्याकडचं दार त्यांनी सताड उघडं टाकलं होतं. थंडी आत शिरून थेट मागच्या खोलीपर्यंत जात होती. खाट करकरली. कुणीतरी उठलं. काकींनी कठड्याला घट्ट धरलं आणि जाणाऱ्या पावलांची वाट पाहत उभ्या राहिल्या.

“अहो काकी!” आतून आवाज आला. चांगला ठणठणीत, घरच्या माणसाने वैतागून द्यावा तसा. “दार लावा की ते! केवढा वारा येतोय, बाईसाहेब गारठल्या इथे!”

काकींवर त्यांच्याच दुकानात आजवर कुणी असं ओरडलं नव्हतं. त्या मुकाट्याने गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.