मातीच्या मगाचे तीन श्रेयांक

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. खिशात मावणारा नव्हे, टेबलावर ऐसपैस बसणारा, पाठीवर कागदाची गुंडाळी वागवणारा. मित्रांनो, माझ्या स्वभावात एक खोट आहे, ती आधीच सांगून टाकतो. मी जळका आहे. दुसऱ्या कुणाचं कौतुक झालं की माझ्या बटणांना मुंग्या येतात.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एका बाईने माझं एकेक बटण दाबून पाहिलं, "हा पास" म्हणाली आणि मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते थेट अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या एका लहानशा गावात, एमिल व्होंद्रा यांच्या कचेरीत. एमिल हे गावातले एकुलते एक परवानाधारक लेखापाल. फेब्रुवारीत कर भरायचा हंगाम लागला की मकेवाले शेतकरी आणि शेजारची बेकरीवाली बर्डीन असे सगळे आपापली कागदांची खोकी घेऊन यायचे. मग माझं टक टक टक, खर्रर्र सुरू. एमिल छापलेली पट्टी फाडून लोकांपुढे धरायचे आणि म्हणायचे, "बघा, हा खोटं बोलत नाही." काय दिवस होते ते!

मध्येच कॉम्प्युटर आला. मी वर्षभर धुमसत होतो. पण एमिल म्हणाले, "पडद्यावरचं पुसता येतं, कागदावरचं येत नाही," आणि कॉम्प्युटरचं प्रत्येक उत्तर माझ्यावर ताडून बघायला लागले. जिरली त्याची!

ते ताडून बघायचं काम लवॉनचं. लवॉन सेडलाचेक एकोणीस वर्षांपूर्वी कचेरीत लागली. तिची बोटं माझ्याकडे न बघता चालतात. सगळं काम ती करायची, पण खाली सही एमिलची, कारण परवाना त्यांचा. एमिल अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले. परवाना टिकवायला दरवर्षी चाळीस तास शिकवणीला बसावं लागतं, त्याला ते कंटाळले होते.

एका सकाळी ते म्हणाले, "लवॉन, एकतीस डिसेंबरला माझा परवाना संपतोय. मी काही परत बाकावर बसायचा नाही. मी चाललो ॲरिझोनाला, मुलीकडे. तोवर राज्याच्या सगळ्या अटी पुऱ्या केल्यास तर कचेरी तुझी. नाहीतर ओमाहा शहरातले लेखापाल घेतील आणि दाराला कुलूप घालतील."

"आणि मी?"

"तू? तू मग बर्डीनकडे कोलाचे पाव वळ!"

हसले दोघं, पण लवॉनचं हसू अर्ध्यावरच थांबलं. राज्याच्या अटी तीन. चार पेपरांची परीक्षा, परवानाधारकाच्या हाताखाली काम केल्याचा त्याच्याच सहीचा दाखला, आणि कॉलेजचे दीडशे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट. त्रेचाळिसाव्या वर्षी लवॉनने चौथा पेपर मे महिन्यात पास केला. मग सगळ्या जुन्या गुणपत्रिका पुढ्यात घेऊन तिने माझ्यावर श्रेयांकांची बेरीज केली. बरोब्बर दीडशे! एमिल ओरडले, "याने सांगितलंय ना, मग झालं!" मी फुगलो नुसता.

जुलैत राज्याच्या परवाना मंडळाचं पत्र आलं. एकशे सत्तेचाळीस.

झालं होतं असं. एक विषय लवॉनने विसाव्या वर्षी जेमतेम काठावर पास केला होता. पुढे लाज वाटून दुसऱ्या कॉलेजात तोच विषय पुन्हा केला. एकच विषय दोनदा केला तरी राज्य तो एकदाच धरतं. माझी बेरीज चुकली नव्हती हो! मला आकडे दिसतात, विषयांची नावं कुठे दिसतात? पण एमिलनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, गुंडाळीत तोंड लपवावं.

लवॉन पत्र वाचून म्हणाली, "विषय कुठलाही चालेल म्हणतायत."

"अगं मग ते चेंडूने बाटल्या पाडायचं बोलिंग घे की!"

"त्याचा एकच श्रेयांक मिळतो, एमिल. मी विचारून झालं."

शेजारच्या गावच्या कॉलेजात एकाच वर्गात जागा उरली होती. मातीची भांडी. श्रेयांक तीन. ऑगस्टपासून दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी लवॉन जायला लागली आणि नखांत माती घेऊन परत यायला लागली. माझ्या बटणांवर तपकिरी ठसे उमटले. तेसुद्धा मी खपवून घेतलं. पण ऑक्टोबरात तिने एक मग आणला. एका अंगाला कललेला, सुजलेल्या कानासारखा त्याचा दांडा. तो मग तिने कुठे ठेवावा? माझ्या जागी! तिच्या उजव्या कोपराशी! आणि मला उचलून ठेवलं फायलींच्या कपाटावर, वायर गुंडाळून.

आता जो येईल तो मगाचं कौतुक करी. बर्डीन तर म्हणाली, "अगं बाई, हा तू केलास? किती गोड आहे!" गोड? अहो, त्यात कॉफी अर्धीच राहते, बाकीची टेबलावर सांडते! मी तीस वर्षांहून जास्त कष्ट उपसले, मला कुणी कधी गोड म्हटलं नाही. वरून दिवसभर त्याच्याकडे बघत मी जळत होतो.

नोव्हेंबरच्या शेवटी लवॉन कचेरीत आली ती मोठं खोकं घेऊन. शेवटच्या परीक्षेसाठी केलेली तिची सुरई भट्टीत फुटली होती. आत नुसते तुकडे. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. बरं झालं, म्हटलं, खोड मोडली मातीची.

मग लवॉनने टेबलावर डोकं टेकलं आणि ती रडली. "संपलं, एमिल. सुरई नाही तर पास नाही, पास नाही तर ते तीन नाहीत. तीन श्रेयांकांपायी माझी एकोणीस वर्षं गेली."

एमिलनी खोकं पुढे ओढलं. ते तुकडे उगाच जुळवून बघत राहिले. त्या रडणाऱ्या बाईच्या बोटांना मी ओळखत होतो. माझ्या बटणांवरचे आकडे त्या बोटांनीच पुसट केले होते. मला माझीच शरम वाटली.

थोड्या वेळाने एमिल म्हणाले, "ऊठ. अजून दोन आठवडे आहेत. माती काय महाग आहे?"

तिने दुसरी सुरई केली. पहिलीहून वाकडी, पण फुटली नाही. एकोणीस डिसेंबरला निकाल लागला. पास! जेमतेम, काठावर.

एमिलनी सहीचा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढता काढता थांबले. "तो खाली घे," ते म्हणाले. "या वेळी नावं मोठ्याने वाच."

मला खाली काढलं. धूळ पुसली, वायर लावली. लवॉन एकेक विषय वाचत होती, आकडा दाबत होती, आणि एमिल पट्टीवर त्या आकड्यापुढे विषयाचं नाव लिहीत होते. दोनदा आलेला विषय त्यांनी एकदाच घेऊ दिला. एकशे सत्तेचाळीस झाले.

"मातीची भांडी," लवॉन म्हणाली. "तीन."

मित्रांनो, माझा कागद अधूनमधून अडकतो, सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा अडकलो असतो तर कुणी मला दोषही दिला नसता. समोर तो मग दांडा वर करून बसला होता. क्षणभर माझ्या मनात आलंही. पण मी तीन छापला. स्वच्छ, ठसठशीत. आणि खाली दीडशे.

एमिलनी सही केली. ती त्यांच्या परवान्यावरची शेवटची सही होती. जानेवारीत लवॉनचा परवाना आला, भिंतीवर लागला, कचेरीचं कुलूप टळलं.

निघायच्या दिवशी एमिल म्हणाले, "आठवण म्हणून काहीतरी नेतो गं." आणि त्यांनी माझ्यावर हात ठेवला.

लवॉन पटकन म्हणाली, "त्याला हात लावायचा नाही हं! तो गेला तर फेब्रुवारीत मी काय करू? हा घ्या." आणि तिने त्यांच्या हातात मग ठेवला. मगात ती पट्टी गुंडाळून घातली होती.

मी जिंकलो होतो! उजव्या कोपराशी माझी जागा मला परत मिळाली. टेबलावर मगाच्या बुडाचा गोल डाग तेवढा राहिला होता, तोही माझ्या अंगाखाली झाकला गेला.

आता माझं एवढंच सांगणं आहे, मित्रांनो. जुन्या यंत्राची धूळ पुसत जा, त्याची गुंडाळी बदलत जा. आणि आम्ही दिलेल्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. काय मिळवलंत त्याचं नाव आकड्यापुढे लिहा, ते काम आम्हाला जमत नाही.

परवा एमिलचं पत्र आलं. लवॉनने ते बर्डीनला मोठ्याने वाचून दाखवलं. रोज सकाळी ते त्याच मगातून अर्धी कॉफी पितात म्हणे, आणि उरलेली अर्धी पुन्हा ओतून घेतात. माझ्या एमिलचा हात रोज त्या वाकड्या कानावर! झालं, माझ्या बटणांना पुन्हा मुंग्या यायला लागल्या आहेत.