कडुबाचा उजवा दात

मुलांच्या कामात चूक सापडली नाही की मला अस्वस्थ वाटतं. आमच्या डेंटल कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांनी केलेले रूट कॅनॉल तपासायचं काम यंदा माझ्याकडे आलं. एक्स-रे उजेडावर धरायचा आणि दाताच्या मुळात भरलेला मसाला कुठवर पोचला ते बघायचं. टोकाच्या अलीकडे दोन मिलिमीटरच्या आत थांबला तर पास. त्याहून कमी पडला किंवा टोकाबाहेर गेला तर नापास.

आठ मुलं, आठ केसेस. सातांचा मसाला अगदी अर्ध्या मिलिमीटरवर थांबलेला. श्रेयाचा चार मिलिमीटर अलीकडेच. शनिवारच्या आत तिनं दुसरी केस करून दाखवली नाही, तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. ती रडली नाही, याचाही मला थोडा संशय आला.

खरा संशय सातांचा. ज्यांना स्कूटर सरळ रेषेत लावता येत नाही, त्यांचे हात अर्ध्या मिलिमीटरवर कसे थांबतात? सातही एक्स-रे ओळीनं लावले. प्रत्येकात शेजारच्या दाढेत चांदी भरलेली आणि प्रत्येक चांदीचा आकार अंगठा तुटलेल्या चपलेसारखा. पेशंटची नावं सात, मोबाइल नंबर एक.

फोन लावला. फुलंब्रीहून कडुबा आला. पन्नाशीचा, गालाला रुमाल बांधलेला. या सात मुलांना ओळखता का, मी विचारलं.

"समद्यांना वळखतो. लई गोड पोरं. आलो की उजवीकडचा फोटू काढत्यात."

"आणि दुखतं कुठं?"

"डावीकडं. दोन महिने झाले. म्हनत्यात, मामा, उजव्याचा तपास झाल्याबिगर डावा उघडता येत नाय."

उजव्याचं रूट कॅनॉल त्यानं दोन वर्षांपूर्वी वैजापूरला करून घेतलं होतं. म्हणजे आमच्या विभागाची यंदाची गुणवत्ता वैजापुरात तयार झाली होती.

सातही केसेस रद्द केल्या. त्यांच्यातल्या प्रणयनं शांतपणे विचारलं, पण सर, काम तर चांगलंच होतं ना. होतं.

मग कडुबाला विचारलं, डावा दात कुणाकडून करून घेणार? श्रेया नापास झाल्याचं मी लपवलं नाही.

"तिलाच करू द्या," तो म्हणाला. "तिनं कुनाच्या तरी तोंडात हात घातला, एवढं तरी कळलं."

शुक्रवारी श्रेयाला अडीच तास लागले. मी मागे उभा होतो. शेवटचा एक्स-रे आला: दीड मिलिमीटर. पास. तरीही मी शेजारच्या दाढेत चप्पल शोधली. नव्हती.

एक्स-रे फाइलीला लावणार, तोवर कडुबानं तो खिशात टाकला.

"ह्यो घरी ऱ्हाऊ द्या, साहेब. इथं ठिवला तर पोरं वाटून घेतील."

फाइलीत लिहिलं: 'एक्स-रे पेशंटने नेला. काम मी स्वतः पाहिले.' खाली सही केली.

पुढचा तपासनीस हे वाचून पहिला फोन मला करील. मीही केला असता.