एसीच्या पाण्यावरचा भोपळा

“आणि कापणीच्या सणाला,” एस्तेरने माइकवर जाहीर केलं, “मिस्टर शांतवन भिंगारदिवे स्वतःच्या हातांनी पिकवलेली भाजी देवापुढे ठेवणार आहेत. इथे, दोह्यात पिकवलेली!”

सभागृहात टाळ्या वाजल्या. शांतवन मागच्या रांगेत बसला होता. पुढची नायजेरियन बाई वळून त्याच्याकडे कौतुकाने हसली, तेव्हा त्यालाही हसणं भाग पडलं. माइकवर उभी असलेली बाई त्याची स्वतःची बायको होती, आणि तिने हे त्याला न विचारता सांगून टाकलं होतं.

चर्चची स्वतःची इमारत अजून व्हायची होती. तोवर दर शुक्रवारी सकाळी एका शाळेच्या सभागृहात उपासना भरायची. बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबल मांडलं, त्यावर पांढरं कापड आणि दोन मेणबत्त्या ठेवल्या, की झाली वेदी. उपासना इंग्रजीत चालायची आणि माणसं निम्म्या जगातली असायची. त्यात राहुरी तालुक्यातले म्हणाल तर हे भिंगारदिवे तेवढेच. एस्तेर एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती, तिचं इंग्रजी टकाटक, म्हणून शेवटच्या सूचना वाचायचं काम तिच्याकडे आलं होतं. बुधवारी बायबल अभ्यास, पुढच्या महिन्यात मुलांची समैस्माच्या किनाऱ्यावर सहल, सनाया या कारखान्यांच्या भागातल्या लेबर कॅम्पसाठी डबाबंद खाऊ गोळा करणं, असं सगळं ती गोड आवाजात सांगायची. खोड एकच. ती माणसाचं नाव आधी जाहीर करायची आणि त्याला मागाहून विचारायची. आपण आपली व्हॅन कॅम्पला देणार आहोत, हे त्या नायजेरियन बाईच्या नवऱ्याला माइकवरूनच कळलं होतं. भरल्या सभेत नाही कोण म्हणणार? त्यामुळे पाळकसाहेब तिच्यावर फार खूश होते.

“आगं, वेलाला नुसती नर फुलं हायेत!” गाडीत बसल्या बसल्या शांतवन म्हणाला. “फळाचा पत्त्या न्हाई, आन् तू खुशाल सांगून मोकळी!”

“येईल की फळ. सणाला अजून चिक्कार वेळ आहे.”

“आन् न्हाई आलं तर?”

“अहो, आता इतक्या लोकांना सांगितलंय म्हटल्यावर येईलच.”

मागच्या सीटवरून आंद्रिया म्हणाली, “पपा, रिलॅक्स. इट्स जस्ट अ भोपळा.”

शांतवनला मात्र तो नुसता भोपळा नव्हता. त्याचे वडील, आण्णा, दरसाल कापणीच्या सणाला वेलावरचा पहिला दुधी चर्चमध्ये न्यायचे. तोडण्याआधी देठाजवळ हळूच नख लावून बघायचे. “नख रुतलं पायजे. देवाला कवळंच द्यावं. जून झाल्यालं काय, कुनीबी देतंय,” असं म्हणायचे. गेल्या उन्हाळ्यात आण्णा गेले. गावाकडच्या जमिनीवर प्लॉट पडले. भिंगारदिव्यांच्या घरातून देवापुढे काही गेलं नाही, असं हे पहिलंच वर्ष होणार होतं, आणि ते शांतवनच्या मनाला लागून राहिलं होतं. त्याला काय, दुकानातून मक्याच्या दाण्यांचा डबा आणून ठेवता आला असता. सगळेच ठेवत होते. पण आण्णा वरून बघत असतील, तर त्यांना डबा दाखवायचा?

म्हणून ऑगस्टच्या शेवटी त्याने नातूरच्या खोलीच्या पत्र्यावर तेलाचा एक मोठा डबा ठेवला, त्यात कुठून कुठून आणलेली माती भरली आणि गावाहून आणलेलं बी टोचलं. अल मुंतझातली ती जुनी इमारत. नातूरची, म्हणजे रखवालदाराची, बैठी खोली मागच्या गल्लीत होती आणि तिचा पत्रा शांतवनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच येत होता. त्याच्या बरोबर वरच्या मजल्यावर रत्नागिरीची रुकैया आणि तिचा नवरा रियाज राहायचे. शांतवन पेशाने एसी मेकॅनिक. उभा जन्म त्याने थंड हवेतून गळणारं पाणी बादल्या भरभरून फेकून दिलं होतं. आता त्याने स्वतःच्या आणि रुकैयाच्या खिडकीतल्या एसीला पाइप जोडले आणि त्यांची तोंडं डब्यात सोडली.

वेलाला पाणी द्यायचं ते एवढंच, नळाचं एक थेंबही नाही, असा त्याचा हट्ट होता.

“नळाचं पानी कारखान्यातलं,” तो सांगायचा. “समुद्र उकळून केल्यालं. ह्ये पानी हवेतलं हाय. हितं पाऊस न्हाई, मग देवाचं पानी म्हनायचं तर ह्येच.”

“आणि एसी काय देव चालवतो?” एस्तेर विचारायची.

यावर शांतवन पाइपाचं तोंड डब्यात आणखी खोल सारायचा.

एस्तेरने जाहीर केल्यापासून आठवडाभरातच वेल दोरीवरून चढत रुकैयाच्या खिडकीपाशी पोचला आणि तिथे, गजांना टेकून, पहिलं मादी फूल आलं. देठाशी करंगळीएवढं हिरवं फळ घेऊनच आलं. रुकैयाने वरूनच हाक मारली.

“भावोजी, आलं बगा! पण या गल्लीत भुंगा खयचा येणार? तुम्ही घाबरू नका. आमच्या रत्नांग्रीला परसवात मीच करायचे हे.”

दिवेलागणीला पांढरी फुलं उमलली. तिने एक नर फूल खुडलं आणि मादी फुलाच्या तोंडावर हलकेच फिरवलं. खाली खिडकीतून शांतवन मान वर करून श्वास रोखून बघत होता. फळ धरलं. पुढे आणखी फुलं आली, तिने त्यांनाही तसंच केलं, पण ती फळं पिवळी पडून गळाली. राहिला तो हा एकच भोपळा. बघता बघता तो हातभर लांब झाला, तेव्हा रुकैयाने आपल्या जुन्या ओढणीची झोळी करून त्याला गजांना बांधलं. “बाळंतपण माझ्याच खिडकीत झालं,” ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. शांतवन रोज कामावरून आला की आधी वर जाऊन भोपळा बघायचा आणि मग घरात चहाला यायचा.

सण आठवड्यावर आला. भोपळा असा तुकतुकीत झाला होता, की आण्णांनी दृष्ट काढली असती. त्या शुक्रवारी शांतवन मागच्या रांगेत ऐटीत बसला होता. एस्तेरने सूचना वाचायला घेतल्या, आणि मध्येच पाळकसाहेबांनी तिच्या हातात एक चिठ्ठी दिली. तिने ती आधी मनात वाचली. मग थेट शांतवनकडे बघितलं. तिचा आवाज एरवी कधी पडायचा नाही, तो पडला.

“बिशपसाहेब पुढच्या महिन्यात आपल्याला भेट देणार आहेत. त्यामुळे कापणीचा सण तेव्हाच, महिनाभर उशिरा होईल.”

लोकांना आनंद झाला. शांतवनला वाटलं, उठावं आणि ओरडून सांगावं, की भोपळ्याला बिशप कळत नाही हो!

संध्याकाळी रुकैयाच्या घरी बैठक बसली. “तोडून फ्रिजमध्ये ठेवा,” एस्तेर म्हणाली.

“महिनाभर? चिपाड व्हईल त्याचं.”

“मी चण्याची डाळ घालून करते,” रुकैया म्हणाली. “कवळा हाय तवर सगळे खाऊ. देव काय रागावणार नाय.”

शांतवनला दोन्ही पटेना. वेलावर ठेवावा तर जून होईल, आणि तोडावा तर देवापुढे ठेवायला काही उरणार नाही. शेवटी तो म्हणाला, “राहू द्या वेलावर. असंल तसा देऊ. मोकळ्या हातानं न्हाई जायचं.”

तेवढ्यात दुसरंच संकट उभं राहिलं. थंडी पडायला लागली. अख्ख्या इमारतीचे एसी बंद झाले, आणि एसी बंद म्हणजे पाणी बंद. शांतवनने आपला चालू ठेवला. आंद्रिया घरात स्वेटर आणि टोपी घालून अभ्यास करू लागली. वर रुकैयानेही आपणहून चालू ठेवला. एके दिवशी रियाज रजई पांघरून दार उघडायला आला.

“भाऊ, आमच्या घरात काश्मीर झालाय. ही बाय मला एसी बंद करू देत नाय. तुमचा सण लवकर करा, नायतर माझा खलास होईल.”

असं म्हणाला, पण एसी त्यानेही बंद केला नाही. आणि एकदा कामावरून लवकर आलेल्या शांतवनने बघितलं, की एस्तेर खिडकीतून वाकून तांदूळ धुतलेलं पाणी हळूच डब्यात ओततेय. तो पावलं न वाजवता माघारी फिरला, जिन्यात थोडा वेळ थांबला आणि खोकत खोकत परत आला.

सणाच्या दिवशी त्याने लग्नातला कोट घातला आणि भोपळा तोडला. आता तो पांढुरका, जडशीळ झाला होता. देठाजवळ त्याने नख लावलं. रुतलं नाही. नखच दुखलं. माहीत असूनही त्याला गलबलून आलं.

टेबलावर ट्यूना, राजमा, कॉर्नफ्लेक्स यांचे डोंगर होते. त्यांच्या मधोमध भोपळा ठेवला गेला. बिशपसाहेबांनी त्यावर हात ठेवून प्रार्थना केली, लोकांनी फोटो काढले. पण कॅम्पसाठी खोकी भरणाऱ्या इंग्रज बाईने भोपळ्यावर बोटांनी टकटक केलं आणि प्रेमाने म्हणाली, “सजावटीला किती सुंदर आहे, नाही?”

सजावट! आण्णांच्या पोराने देवाला खायचं काही द्यायचं, तर ही सजावट दिली होती. शांतवनला भोपळा घेऊन घरी पळावंसं वाटलं. पण माइकवरून एस्तेरचा आवाज आला, “आणि व्हॅनबरोबर कॅम्पला मिस्टर शांतवन जातील.” बघतो तर तिने भोपळाही व्हॅनमध्ये ठेवून दिलेला.

सनायातल्या कॅम्पात पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. प्रत्येक खिडकीत एक जुना एसी, दाटीवाटीची वस्ती म्हणून थंडीतही चालू, आणि प्रत्येकाखाली वाळूत डबकं. सवयीने शांतवनने आधी तेच बघितलं. खोकी मेसच्या खोलीत उतरवली गेली. शेवटी भोपळा आला, तसा आतून बनियनवर कणीक मळणारा स्वयंपाकी हात न पुसताच धावत बाहेर आला.

“आरं तिच्या! ह्यो तर आपल्याकडचा दुधी! कुनी आनला?”

त्याचं नाव पोपटराव, गाव श्रीगोंद्याजवळ. कितीतरी महिन्यांनी आपली बोली कानावर पडली म्हणून तो शांतवनचा हातच सोडेना.

“मी पिकवलाय,” शांतवन ओशाळून म्हणाला. “पर जून झालाय दादा. खायच्या कामाचा न्हाई.”

पोपटरावने भोपळा मांडीवर घेतला, देठाजवळ नख लावलं. नख रुतलं नाही. त्याचा चेहरा एकदम फुलला.

“आवं, जून झालाय म्हनूनच कामाचा! कवळा आनला असता तर आज आमटीत गेला असता. हितं एवढी मानसं, कुनाच्या ताटात काय आलं असतं? ह्याच्या पोटात बी हाय. वाळवू, फोडू आन् लावू.” मग तो थबकला. “पर पानी? टँकरचं पानी झाडाला घालू देत न्हाईत.”

शांतवनने खिडकीतल्या एसीखालच्या डबक्याकडे बोट दाखवलं. “आन् ह्ये कुनाचं?”

“त्ये व्हय? त्ये तर वायाच जातंय.”

“मग त्ये देवाचं,” शांतवन म्हणाला. त्याने कोट काढून खुंटीला अडकवला, बाह्या सारल्या आणि भंगारात पडलेला एक पाइप उचलला. व्हॅन परत निघायची वेळ झाली तरी तो गुडघ्यांवर बसून एसीला पाइप जोडत होता. भोपळा मेसच्या आढ्याला टांगला गेला होता.

पुढच्या वर्षी अल मुंतझातली इमारत पाडायला काढली. नातूरची खोली, पत्रा, तेलाचा डबा, सगळं गेलं. रुकैया आणि रियाज शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. शांतवनच्या नव्या घरातल्या एसीचं पाणी भिंतीतल्या भिंतीत कुठे जायचं, ते त्यालाही दिसत नव्हतं. कापणीचा सण जवळ आला तेव्हा तो एस्तेरला म्हणाला, “यंदा माझं नाव घेऊ नगंस.” तिने मान हलवली आणि खरंच घेतलं नाही. सणाला त्याने मक्याच्या दाण्यांचा डबा आणला आणि तो इतरांच्या डब्यांमागे, दिसणार नाही असा ठेवला.

उपासना सुरू व्हायला थोडा अवकाश होता. सभागृहाच्या दारात सिमेंटची रिकामी गोणी पोटाशी धरून पोपटराव उभा होता. भांग पाडलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला.

“भाऊ, ह्यो पयला हाय वेलावरचा. पोरं म्हनली, पयला तुमच्या देवाला द्यायचा. मी हितूनच जातो, आत माझं काय काम?”

“आत चल आदी,” शांतवनने त्याचा दंड धरला आणि त्याला आपल्या शेजारी मागच्या रांगेत बसवलं.

मग गोणीतून भोपळा काढून तो वेदीकडे निघाला. बास्केटबॉलच्या जाळीखाली थांबून त्याने देठाजवळ हळूच नख लावलं. नख लोण्यात जावं तसं आत गेलं. रसाचा एक थेंब वर आला. शांतवनने भोपळा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि तो काही वेळ तिथेच उभा राहिला. त्याला स्पष्ट दिसत होतं, की आण्णा बघताहेत.

शेवटी एस्तेर सूचनांना उभी राहिली. मागच्या रांगेत तिची नजर गेली आणि तिचा चेहरा खुलला.

“पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना जेवण आहे,” तिने जाहीर केलं. “भोपळ्याची भाजी मिस्टर पोपटराव करणार आहेत.”

टाळ्या वाजल्या. “काय म्हनल्या वहिनी?” पोपटरावने घाबरून विचारलं. शांतवनने हसत त्याला ते मराठीत सांगितलं. नखावरचा रस वाळून चिकट झाला होता. तो दिवसभर त्याने धुतला नाही.