काकांचा बुडालेला खड्डा

लझरकाकांनी पन्नास वर्षं एकच काम केलं, खड्ड्यातली वाळू बाहेर काढायचं. आमच्या सूफच्या वाळवंटात खजुराला कुणी पाणी घालत नाही. घर मावेल एवढा खड्डा खणायचा, तळाशी रोपं लावायची; मुळं आपली आपण पाण्यापर्यंत पोचतात. वारा मात्र रोज वाळू आत लोटतो, ती रोज टोपलीनं वर न्यायची. काकांची बत्तीस झाडं अशीच जगली.

गावात नळ यावा म्हणून सगळ्यात जास्त खेटे घातले तेही काकांनीच. मबरूका काकू विहिरीचं पाणी ओढून ओढून वाकल्या होत्या. नळाला धार लागली त्या दिवशी काकांनी बोकड कापला. मग गाव वाढतच गेलं. दवाखाना आला, मुलींची शाळा आली, चार मजली इमारती उभ्या राहिल्या, घरोघरी न्हाणीघरं झाली. सांडपाणी कुठे जाणार, हे कुणी विचारलं नाही. ते वाळूत मुरायचं, आणि मुरलेलं कुणाला दिसतं?

काकांच्या खड्ड्यात ते दिसलं. आधी तळ ओलसर झाला, काका खूश. पुढच्या वर्षी घोटाभर पाणी. त्याच्या पुढच्या वर्षी बेडूक ओरडू लागले आणि झाडांची मुळं कुजली.

"हाजी, वाळवंटात बाग बुडवून दाखवलीत हो," काकू म्हणाल्या.

"तूच माझ्या डोक्याशी लागली होतीस ना, पाणी हवं, पाणी हवं म्हणून!"

"घरात हवं म्हटलं होतं मी. खड्ड्यात नाही."

डास फार झाले तेव्हा नगरपालिकेनं खड्डे बुजवायचं ठरवलं. मी तिथला कारकून. काकांची नोटीस मलाच न्यावी लागली.

"कशानं बुजवणार?" त्यांनी विचारलं.

"वाळूनं, काका."

ते इतके हसले की ठसका लागला. मग उठून आत गेले, ते मी निघेपर्यंत बाहेर आलेच नाहीत.

ट्रक आला त्या सकाळी काका गुडघाभर घाण पाण्यात उभे होते. एकच झाड तग धरून होतं. त्याच्या बुंध्याशी फुटलेली पिलं ते पहारीनं सोडवत होते.

"आजोबा, निघा बाहेर! मला आज सात खड्डे भरायचेत," ड्रायव्हर ओरडला.

"भर की. मी उपसताना घाई केली नाही, तू भरताना कशाला करतोस?"

तीन पिलं निघाली. गावाबाहेर माझ्या मेहुण्याच्या बटाट्याच्या शेतात, ठिबकच्या नळीशेजारी लावली. दोन जगली. खड्ड्याच्या जागी मोबाईलचं दुकान झालं, आणि मग उशिरा का होईना, गटारंही आली.

पाच वर्षांनी पहिला घड उतरवला. काकांनी एक खजूर तोंडात टाकला, बराच वेळ घोळवला.

"पाणचट," ते म्हणाले. "आयत्या पाण्यावर वाढलेत."

काकूंनी ताटली स्वतःकडे ओढली. काकांनी ती परत ओढून घेतली.